आजीचं माहेर कुठलं? डीएनए मार्करांवरून लोकसमूहांची तुलना करण्याची रीत

घटनास्थळावरच्या रक्ताची डीएनए प्रोफाइल (डीएनएवरच्या ठरावीक जागांच्या आकड्यांची नोंद) संशयिताच्या प्रोफाइलशी पंधराच्या पंधरा जागी जुळली, असा अहवाल न्यायालयात गेला की बचावाच्या वकिलाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. असं जुळणं निव्वळ योगायोगानं किती जणांत घडू शकतं? याचं उत्तर यंत्रातून निघत नाही. कुठला आकडा लोकांत किती प्रमाणात आढळतो ते सांगणाऱ्या एका तक्त्यातून ते येतं, आणि तो तक्ता कुठल्यातरी शंभर-दीडशे माणसांच्या गालातून घेतलेल्या स्वॅबवर उभा असतो. ती माणसं कोण होती, यावर त्या आकड्याचं वजन ठरतं.

मी इंदूरला फोरेन्सिक सायन्सच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध पाहते. दर वर्षी कुणीतरी येऊन म्हणतं, "मॅडम, मला इंदूरच्या मराठी लोकांचा एसटीआर डेटा करायचाय." विषय मला मनापासून आवडतो. होळकरांच्या फौजेबरोबर आणि कारभाराबरोबर जी घराणी माळव्यात आली, १८१८ नंतर राजधानी महेश्वरहून इंदूरला हलल्यावर जी इथे रुजली, त्यांच्या आज आठ-नऊ पिढ्या झाल्या. अशा घरातल्या माणसाची प्रोफाइल समोर आली तर तक्ता पुण्याचा लावायचा की माळव्याचा? हा प्रश्न ग्वाल्हेरला आणि बडोद्यालाही तसाच लागू आहे. तो सोडवायला बसणाऱ्यांसाठी मी ही रीत कामाच्या क्रमानं लिहिते आहे.

आधी काय मोजतो ते

डीएनएवर काही जागी चार अक्षरांचा एकच तुकडा ओळीनं पुन्हा पुन्हा येतो. त्याला एसटीआर म्हणतात, आणि मोजायला निवडलेल्या अशा जागेला मार्कर. टीएच०१ ही अकराव्या गुणसूत्रावरची जागा घ्या. तिथे एएटीजी हा तुकडा कुणात सहा वेळा येतो, कुणात नऊ वेळा. एक आकडा आईकडून, एक वडिलांकडून, म्हणून माणसाची नोंद "६ आणि ९" अशी होते. एका जागी मिळणाऱ्या प्रत्येक वेगळ्या आकड्याला अ‍ॅलील म्हणतात. याच जागी ९.३ नावाचं एक अ‍ॅलील आहे: नऊ पूर्ण तुकडे आणि एक अर्धवट, तीनच अक्षरांचा. युरोपातल्या लोकांत टीएच०१ ची जवळपास एक तृतीयांश अ‍ॅलील्स ९.३ असतात, पूर्व आशियात शंभरात जेमतेम तीन-चार. एकाच अ‍ॅलीलचं वजन समूह बदलला की किती बदलतं, ते इथे दिसतं.

पण एवढा फरक हा अपवाद आहे, हे सुरुवातीलाच मनात पक्कं करा. फोरेन्सिकचे एसटीआर निवडले ते माणूस माणसापासून वेगळा ओळखता यावा म्हणून. समूह समूहापासून वेगळे दिसावेत हा हेतूच नव्हता. रिचर्ड लेवोंटिन यांनी १९७२ मध्ये दाखवलं की माणसांतल्या जनुकीय विविधतेचा सुमारे ८५ टक्के भाग एकेका लोकसमूहाच्या आतच असतो. तेव्हा शेजारच्या दोन समूहांत तुम्हाला बारीक फरक मिळणार आहे. तो बारीक आहे म्हणूनच नमुना गोळा करताना झालेली चूक त्याला सहज गिळून टाकते.

"मराठी" हा समूह नव्हे

विद्यार्थ्यांचा आराखडा बहुतेक वेळा इथेच अडतो. मातृभाषा मराठी असलेले शंभर जण गोळा केले म्हणजे एक लोकसमूह झाला असं वाटतं. पण जनुकांच्या हिशोबात समूह म्हणजे ज्यांच्यात पिढ्यान्‌पिढ्या आपसात सोयरिकी झाल्या ती माणसं. देशस्थ, मराठा, धनगर, सीकेपी, भावसार, महार ही सगळी घरं एकाच गल्लीत एकच भाषा बोलत राहिली, पण लग्नं आपापल्या वर्तुळात झाली. ही वर्तुळं एकत्र केलीत तर गणित काय करतं ते पाहा.

समजा एका समूहात एखाद्या अ‍ॅलीलची वारंवारता (एकूण अ‍ॅलील्समधला त्याचा वाटा) ०.१० आहे आणि दुसऱ्यात ०.३०. दोन्हींतून सारखी माणसं घेऊन तुम्ही एक ढीग केला. ढिगाची सरासरी ०.२०. हार्डी-वाइनबर्गच्या नियमानं, म्हणजे समूहात लग्नं सरमिसळ होतात असं धरून, त्या अ‍ॅलीलच्या दोन्ही प्रती असलेली माणसं ०.२० गुणिले ०.२०, म्हणजे शंभरात ४ असायला हवीत. प्रत्यक्षात एका समूहात १ टक्का आणि दुसऱ्यात ९ टक्के, सरासरी ५ मिळतात. समयुग्मी (दोन्ही प्रती सारख्या असलेली) माणसं जास्त भरतात आणि विषमयुग्मी (दोन वेगळ्या प्रती असलेली) ३२ टक्क्यांऐवजी ३० वर येतात. याला वालुंड परिणाम म्हणतात.

मी स्वतः ही चूक केली आहे. माझ्या पहिल्या प्रकल्पात गणेशोत्सवात एका मंडळाच्या हॉलमध्ये दोन संध्याकाळी बसून ८० नमुने घेतले. फॉर्मवर नाव, वय आणि मातृभाषा, एवढंच. निकालात बहुतेक सगळ्या मार्करांवर समयुग्मी जास्त. मी दोन महिने लॅबमधली चूक शोधत राहिले, किट बदललं, रन पुन्हा लावले. शेवटी यादी घेऊन मंडळाच्या एका जुन्या सभासदांकडे गेले, तर त्यांनी पेन्सिलीनं खुणा करत सांगितलं: हे दोघे सख्खे चुलत, ही त्यांची आतेबहीण, हे तिघे साडू. साडू रक्ताचे नव्हेत, ते चालतात. बाकीच्यांनी तक्ता नासला होता. आणि उरलेले लोक एकूण चार वेगवेगळ्या जातींतले होते. नमुने कामाचे राहिले नाहीत.

म्हणून प्रश्न लिहूनच सुरू करा, आणि तो तुलनेचा असू द्या. उदाहरणार्थ: इंदूरचे मराठा, महाराष्ट्रातले मराठा आणि माळव्यातला एखादा स्थानिक समूह यांत इंदूरकर कुणाच्या जवळ आहेत? तीन कोपरे हवेत: जिथून आले ते, जिथे राहिले ते, आणि जे आले ते. दोनच कोपरे घेतले तर मिळालेला फरक मोठा की छोटा हे ठरवायला मापच उरत नाही. महाराष्ट्राचा आणि माळव्याचा डेटा प्रसिद्ध शोधनिबंधांतून घेता येतो. मात्र दोन्हीकडे सारखेच मार्कर असले पाहिजेत. अमेरिकेच्या कोडिस या गुन्हे तपासाच्या डीएनए डेटाबेसाच्या यादीत आधी १३ जागा होत्या, २०१७ पासून २० झाल्या. किटही त्याप्रमाणे बदलत गेले. तुलना फक्त सामाईक जागांवरच करा.

फॉर्म, आणि ओट्यावरचे प्रश्न

संस्थेच्या एथिक्स कमिटीची मंजुरी पहिला स्वॅब उघडण्याआधी हातात हवी. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं वाचून संमतीपत्र मराठीत आणि हिंदीत तयार करा. इंदूरच्या घरांत आजोबा मराठी वाचतात आणि नातू हिंदी, दोन्ही प्रती लागतातच.

फॉर्मवर आडनावाच्या भरवशावर राहू नका. जाधव, पवार, शिंदे कितीतरी जातींत सापडतात, आणि कुलकर्णी हे वतनावरून आलेलं आडनाव आहे. चारही आजी-आजोबांचं जन्मगाव, त्यांचा समाज आणि घरची बोली विचारा. आईवडील लग्नाआधी नात्यातले होते का, ते विचारा. देशावरच्या अनेक समाजांत मामाच्या मुलीशी लग्न चालतं, माळव्यातल्या हिंदी भाषक शेजाऱ्यांत चालत नाही. आणि सख्ख्या मामे-आते भावंडांच्या मुलात कुठल्याही जागी दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून येण्याची शक्यता १६ त १ असते. या घरातल्या आणखी कुणी नमुना दिला आहे का, हेही विचारा. तीन पिढ्यांत नातं निघालं तर एकालाच ठेवा.

माझ्या फॉर्मवर एक रकाना मी नंतर वाढवला, आणि तोच सगळ्यात उपयोगी निघाला: दोन्ही आज्यांचं माहेर. सातारा, नाशिक, पुणे, पुन्हा सातारा. घर आठ पिढ्यांपासून इंदुरात, पण सुना महाराष्ट्रातून आणलेल्या. अशा घरांत दर पिढीला अर्धी अ‍ॅलील्स मूळ मुलखातून ताजी येत राहिली. ज्यांनी इंदूर, देवास, धार, ग्वाल्हेर असं आपसातच जमवलं, त्यांच्यात छोट्या समूहाचं वाहवणं (निव्वळ योगायोगानं पिढीगणिक वारंवारता ढळणं) जास्त दिसायला हवं. हे दोन गट विश्लेषणात वेगळे पाडता येतात, पण रकाना असेल तरच.

लोक घाबरतात, आणि त्यात त्यांची चूक नाही. रामबागेतल्या एका वाड्यात एक आजी सगळं ऐकून घेऊन मला म्हणाल्या, "अगं पोरी, याने उद्या पोलीस तर नाही ना येणार दारात?" मी सांगितलं, "नाही आजी. तुमच्या नळीवर नुसता नंबर असेल. नाव आणि नंबर जोडणारी वही माझ्या कुलपात राहील, पोलिसांच्या यादीत तुमचा नमुना जाणार नाही. आणि नको वाटलं तर उद्याही काढून घ्या." त्यांनी सुनेला हाक मारून ते वाक्य संमतीपत्रात कुठे आहे ते वाचून घेतलं, मग सही केली. ते वाक्य तुमच्या संमतीपत्रात नसेल तर तोंडी सांगूही नका.

किती नमुने? रणजित चक्रवर्ती यांनी १९९२ मध्ये दाखवलं की वारंवारतेच्या तक्त्यासाठी दर समूहामागे १०० ते १५० परस्परांशी नातं नसलेल्या व्यक्ती पुरतात. मी १५० च्या खाली प्रबंध सुरू होऊ देत नाही, कारण नातं निघून दहा-वीस गळतातच.

लॅबमध्ये

हा भाग किटच्या पुस्तिकेत नीट लिहिलेला असतो, म्हणून फक्त जिथे मुलं चुकतात तेच सांगते. स्वॅब सावलीत पूर्ण वाळवून कागदी पाकिटात ठेवा. पावसाळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत ओला स्वॅब बुरशी धरतो. पीसीआरला, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवण्याच्या टप्प्याला, अर्धा ते एक नॅनोग्रॅम डीएनए बास. जास्त घातलं तर यंत्राच्या आलेखावरची शिखरं (प्रत्येक अ‍ॅलीलचं एक) भडकतात आणि खोटी शिखरं उगवतात. खऱ्या शिखराच्या एक तुकडा अलीकडे दिसणारं छोटं शिखर हे बहुधा स्टटर (प्रती काढताना झालेली चूक) असतं, ते अ‍ॅलील म्हणून लिहू नका. दर रनमध्ये अ‍ॅलीलिक लॅडर (ज्ञात अ‍ॅलील्सची मोजपट्टी), एक रिकामी नळी आणि ज्ञात कंट्रोल हवाच. ९९४७ए हा कंट्रोल स्त्रीचा आहे, त्यात अमेलोजेनिनचं (लिंग ओळखण्याच्या जागेचं) एक्सचं एकच शिखर यायला हवं. वायचं दिसलं तर कुठेतरी भेसळ झाली आहे. उलट, भारतात काही पुरुषांत अमेलोजेनिनचा वायवरचा तुकडाच गळालेला आढळतो आणि पुरुषाचा नमुना स्त्रीचा वाटतो. फॉर्मशी मेळ बसला नाही तर नळ्यांची अदलाबदल झाली असं लगेच धरू नका, वाय-एसटीआर (वाय गुणसूत्रावरचे एसटीआर) लावून पाहा.

शिखरं दोघांनी वेगवेगळी वाचावीत आणि मग ताडावीत. एक्सेलमध्ये "९-१०" असं एका चौकटीत लिहिलंत तर तो त्याची ९ ऑक्टोबर तारीख करून टाकतो. म्हणून प्रत्येक मार्करला दोन रकाने, प्रत्येक रकान्यात एकच अ‍ॅलील.

तक्ता आणि त्याची परीक्षा

मोजणी साधी आहे. १०० माणसं म्हणजे २०० अ‍ॅलील्स. टीएच०१ वर ६ हे अ‍ॅलील ५० वेळा आलं तर वारंवारता ०.२५. जे अ‍ॅलील एकदा-दोनदाच दिसलं त्याची खरी वारंवारता एवढ्या थोड्या माणसांत कळत नाही, म्हणून किमान मर्यादा लावतात: ५ भागिले एकूण अ‍ॅलील्स. इथे ५/२००, म्हणजे ०.०२५. याहून खालचा कुठलाही आकडा गणितात वापरू नका.

मग प्रत्येक मार्करवर हार्डी-वाइनबर्गची एक्झॅक्ट चाचणी. आर्लेक्विन हे सॉफ्टवेअर ही चाचणी करतं, जेनअ‍ॅलएक्स एक्सेलमध्येच चालतं, आणि ऑनलाइन स्ट्राफ नवख्यांना सोपं जातं. १५ मार्कर तपासताना एखादा योगायोगानंही नापास होतो, म्हणून ०.०५ ची रेघ (ज्याखालचा निकाल योगायोग मानत नाहीत ती) १५ नं भागा: ०.००३३. जोड्यांची परस्पर स्वतंत्रता तपासताना जोड्या १०५ होतात, तिथे रेघ ०.०००४८. एखादा मार्कर ०.०३ वर आला म्हणून घाबरायचं कारण नाही.

खरं कसब चाचणी नापास झाल्यावर लागतं. समयुग्मी माणसं एकाच मार्करवर जास्त असतील तर संशय लॅबवर घ्या: प्रायमर बसतो त्या जागी बदल असला की एक अ‍ॅलील दिसतच नाही आणि विषमयुग्मी माणूस समयुग्मी भासतो. दुसऱ्या कंपनीच्या किटनं तेवढेच नमुने तपासा. पण जास्ती सगळ्या मार्करांवर थोडी थोडी पसरलेली असेल, तर कारण माणसांत आहे. नात्यातली लग्नं किंवा ढिगात मिसळलेले वेगळे समूह. या दोन्हींची खूण तक्त्यात सारखीच दिसते, त्या वेगळ्या पाडायला फॉर्मवरची आईवडिलांच्या नात्याची आणि चार आजी-आजोबांची उत्तरं लागतात. माझे दोन महिने लॅबमध्ये गेले ते हे आधी न कळल्यामुळे.

तुलना

दोन समूहांतल्या अंतराचं रोजचं माप एफएसटी. वरच्या काल्पनिक ढिगाचंच उदाहरण घ्या: अपेक्षित विषमयुग्मी ०.३२, प्रत्यक्ष ०.३०, तूट ०.०२. तूट भागिले अपेक्षित, म्हणजे ०.०६२५. शेजारच्या समूहांत खऱ्या एसटीआर डेटावर आकडा याहून बराच छोटा, बहुधा ०.०१ च्या आत येतो. म्हणून नुसता आकडा पुरत नाही. माणसांच्या चिठ्ठ्या हजार वेळा पिसून पाहायचं की असा आकडा योगायोगानंही येतो का. चार समूह असतील तर सहा जोड्या, म्हणजे पुन्हा रेघ सहानं भागा.

चित्र काढताना मुलं आधी समूहांच्या वंशावळीचं झाड काढतात. नेईचं अंतर, नेबर-जॉइनिंग, सुंदर फांद्या. झाड काढणारा प्रोग्राम कुठल्याही आकड्यांना फांद्या फोडून देतो, समूह तसे फुटलेले असोत वा नसोत. आणि माणसांचे समूह एकदा वेगळे झाल्यावर पुन्हा मिसळतात, फांद्या तसं करत नाहीत. म्हणून झाड काढलंच तर प्रत्येक फांदीवर बूटस्ट्रॅपचा (ती फांदी किती भरवशाची ते सांगणारा) आकडा लिहा, आणि शेजारी एमडीएसचा, म्हणजे जवळचे समूह जवळ दाखवणारा, ठिपक्यांचा आलेख द्या. तीन कोपऱ्यांच्या प्रश्नाला तो आलेखच नीट उत्तर देतो: इंदूरकरांचा ठिपका कुणाकडे सरकला आहे ते डोळ्यांना दिसतं.

स्ट्रक्चर हा माणसांना जनुकीय समूहांत वाटणारा प्रोग्राम वापरायचा असेल तर समूहांची संख्या एकपासून सुरू करा आणि प्रत्येक संख्येवर अनेक वेळा चालवा. पंधरा एसटीआरवर शेजारचे समूह बहुतेकदा सगळ्या रंगांचे सारखे पट्टे दाखवतात. हा निकाल आहे, तो तसाच छापा. आपल्याला हवी ती विभागणी दिसेपर्यंत संख्या वाढवत नेणं मला मान्य नाही.

थीटा: न्यायालयात उपयोगी पडणारा आकडा

समूहांतला फरक मोजून शेवटी करायचं काय? तो जुळण्याच्या शक्यतेत घालायचा. एकाच छोट्या समूहातल्या दोघांना दूरच्या पूर्वजाकडून तेच अ‍ॅलील मिळालेलं असू शकतं. ती शक्यता थीटा या आकड्यानं धरतात. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलनं १९९६ च्या अहवालात सर्वसाधारण समूहांना ०.०१ आणि छोट्या, अलग राहिलेल्या समूहांना ०.०३ सुचवला. आपल्याकडच्या जातींतल्या सोयरिकी पाहता मी ०.०३ च धरते.

विषमयुग्मी माणसासाठी सूत्र असं: प्रत्येक अ‍ॅलीलच्या वारंवारतेला (१ वजा थीटा) नं गुणून त्यात थीटा मिळवा, दोन्ही उत्तरांचा गुणाकार दुप्पट करा, आणि त्याला (१ अधिक थीटा) गुणिले (१ अधिक दोन थीटा) नं भागा. वारंवारता ०.२५ आणि ०.१९ असतील तर साध्या गुणाकारानं ०.०९५ येतं आणि थीटा ०.०३ घातल्यावर ०.१०७. फारसा फरक नाही. पण दोन्ही अ‍ॅलील्स ०.०३ ची, दुर्मीळ असतील, तर साधा हिशोब ५५६ त १ सांगतो आणि थीटासह तो १५६ त १ होतो. नेमक्या दुर्मीळ अ‍ॅलील्सवरच फिर्यादीची भिस्त असते, म्हणून ही दुरुस्ती आरोपीच्या हक्काची आहे.

पूर्ण पंधरा जागांची प्रोफाइल असेल तर आकडा तरीही इतका लहान राहतो की तक्ता कुठला यानं निकाल बदलत नाही. तक्त्याचा कस लागतो तो जळालेल्या मृतदेहाच्या हाडातून चार-पाच जागाच मिळाल्या तेव्हा, मिश्र डागात, किंवा हरवलेल्या माणसाची ओळख भाचा-मावशीच्या नात्यावरून पटवताना. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनं सात वर्षं आणि त्यावर शिक्षेच्या गुन्ह्यांत फोरेन्सिक तज्ज्ञाची घटनास्थळाला भेट घालून दिली आहे. असे अर्धवट नमुने आता जास्तच येणार.

बापाची रेघ, आईची रेघ

वाय-एसटीआर बापाकडून मुलाकडे जवळजवळ जसेच्या तसे जातात. बाप, मुलगा, काका, चुलत भाऊ, सगळ्या भावकीची प्रोफाइल एकच. म्हणून इथे मार्करांचा गुणाकार करायचा नाही. अख्खी प्रोफाइल एक समजून ती डेटाबेसात किती वेळा आहे ते मोजायचं, आणि शोधातल्या प्रोफाइलसाठी त्या मोजणीतही एक आणि डेटाबेसाच्या एकूण संख्येतही एक मिळवायचा. वायएचआरडी हा जगभरचा डेटाबेस त्यासाठीच आहे. मायटोकाँड्रियाचा १६,५६९ अक्षरांचा डीएनए आईकडून येतो, तिथेही हीच रीत आणि एम्पॉप हा डेटाबेस. इंदूरच्या घराण्यांत बापाची रेघ इथे रुजलेली आणि आईची रेघ दर पिढीला बाहेरून आलेली असेल, तर दोन्ही मार्कर वेगळी हकीकत सांगतील. दोन्ही तक्ते शेजारी ठेवून माहेराच्या रकान्याशी ताडा. प्रबंधाचं सगळ्यात वाचनीय प्रकरण बहुधा तिथेच सापडतं.

अहवालात काय लिहायचं

जुळण्याची शक्यता उपलब्ध असलेल्या सगळ्या योग्य तक्त्यांवर काढा: इंदूरचा, महाराष्ट्राचा, माळव्याचा. सगळे आकडे द्या आणि आरोपीला सर्वांत अनुकूल असलेला, म्हणजे सर्वांत मोठा, निष्कर्षात वापरा. आरोपीच्या जातीचा तक्ता शोधत बसण्याची गरज नाही, कारण डाग त्याचा नसेल तर तो कुणाचा असेल हाच प्रश्न आहे, आणि तो दुसरा माणूस कुठल्याही घरचा असू शकतो.

डागाच्या एसटीआर प्रोफाइलवरून "हा माणूस अमुक समाजाचा असावा" असं कधीही लिहू नका. हे मार्कर ते सांगू शकत नाहीत, आणि तपास अधिकाऱ्यानं विचारलं तरी हेच उत्तर द्या. अशा एका ओळीनं अख्खी वस्ती चौकशीखाली येऊ शकते.

वारंवारतेचा तक्ता छापताना त्याच्यासोबत नमुन्यांचं वर्णन पूर्ण द्या: कुठल्या वस्त्यांतून, कुठल्या समाजाचे, आजी-आजोबा कुठले, किती जण नात्यामुळे वगळले, कुठलं किट. निनावी प्रोफाइल्स जर्नलला जातात. नाव आणि नंबर जोडणारी वही तुमच्याकडेच कुलपात राहते, आणि संमतीपत्रात लिहिलेल्या तारखेला ती दोन साक्षीदारांसमोर नष्ट करून तशी नोंद कमिटीला पाठवायची असते.